कुकरचं हँडल, खायचा सोडा आणि सत्तर हजार वर्षांची खटपट

आठवडाभर रात्री-बेरात्रीचे कॉल्स झाल्यावर शनिवारी निदान नऊपर्यंत झोपावं एवढीच माझी माफक अपेक्षा होती. पण साडेसातलाच स्वयंपाकघरातून "अगं बाई!" असा आवाज आला आणि उठावं लागलं. आईच्या हातात कुकरचं हँडल होतं आणि कुकर ओट्यावर. हँडल स्क्रूच्या जवळ तुटलं होतं, आणि मधला एक कपचा उडून कुठेतरी गायब झाला होता.

"टाकून दे. येताना नवीन घेऊन ये," आई म्हणाली. एवढं साधं ऐकलं असतं तर हा लेख झाला नसता.

पण घरात इंजिनियर असल्याचे काही तोटे असतात. माझा एक गिटार वाजवणारा मित्र आहे. त्याने एकदा मला दाखवलं होतं की इन्स्टंट ग्लू आणि खायचा सोडा एकत्र आले की पाच सेकंदांत दगड तयार होतो. मग काय! दोन तुकडे जुळवले, उडालेल्या कपच्याच्या जागी चिमूटभर सोडा दाबून भरला आणि वरून पाच रुपयांच्या ट्यूबमधले थेंब सोडले. चुर्र असा अगदी बारीक आवाज, नाकाला झोंबणारी थोडी वाफ, आणि खड्डा भरला! कानशीने घासून गुळगुळीत केलं, हाताने ओढून पाहिलं, हलेना. मी खूश.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, वरणभाताची तिसरी शिट्टी झाल्यावर आईने कुकर उचलला आणि हँडल तिच्या हातात राहिलं. कुकर ओट्याच्या कडेवर आपटून खाली आला. झाकण उघडलं नाही हे नशीब. आईचं पाऊल आणि कुकर यांच्यात वीतभर अंतर असेल नसेल. ती काही बोलली नाही. कुकरभोवती सांडलेलं पाणी पुसलं आणि मग म्हणाली, "तू तुझं ते कॉम्प्युटरचंच बघ बाबा."

आता बग प्रॉडक्शनला गेला म्हटल्यावर रूट कॉज शोधणं आलंच. तो शोधता शोधता मी इतका मागे गेलो की परत यायला तीन वीकेंड लागले. चूक कुठे झाली ते शेवटी सांगतो, आधी गोष्ट.

इन्स्टंट ग्लूबद्दल व्हॉट्सॲपवर एक गोष्ट नेहमी फिरते. जखमी सैनिकांच्या जखमा चिकटवायला महायुद्धात हा शोध लागला, आणि मग तो आपल्या घरात आला. ऐकायला छान आहे, पण उलटी आहे. हा पदार्थ पहिल्यांदा हाती आला तेव्हा त्याचा दोष एकच होता : तो चिकटत होता.

१९४२ साल. अमेरिकेतल्या ईस्टमन कोडॅक कंपनीत हॅरी कूव्हर नावाचा तरुण केमिस्ट बंदुकीच्या नेमासाठी काचेसारखं पारदर्शक प्लास्टिक शोधत होता. त्या शोधात सायनोॲक्रिलेट नावाची रसायनं हाती आली. पण ज्याला लागतील त्याला चिकटायची. भांडी खराब, साचे खराब. वैतागून त्यांनी तो नाद सोडला. पुढे १९४९ साली बी. एफ. गुडरिच या टायर बनवणाऱ्या कंपनीच्या आर्डिस नावाच्या केमिस्टला याच कुटुंबातल्या रसायनांची पेटंटं मिळाली. त्यालाही त्यात हवं होतं ते कडक पारदर्शक प्लास्टिक. म्हणजे जगातला सगळ्यात झटपट गोंद दोन मोठ्या कंपन्यांच्या हातात येऊन गेला आणि दोघांनाही तो गोंद वाटला नाही. स्पेसिफिकेशनमध्ये 'पारदर्शक' लिहिलं होतं ना! 'चिकट' लिहिलेलं नव्हतं.

नऊ वर्षांनी, १९५१ साली, कूव्हर टेनेसीमधल्या किंग्सपोर्टला कोडॅकच्याच केमिकल विभागात होता. आता जेट विमानांच्या कॉकपिटवरच्या काचेसाठी उष्णता सोसणारं प्लास्टिक हवं होतं. त्याच्या हाताखालच्या फ्रेड जॉयनरने एथिल सायनोॲक्रिलेटचा एक पातळ थर रिफ्रॅक्टोमीटरच्या दोन प्रिझमांच्या मध्ये घातला. रिफ्रॅक्टोमीटर म्हणजे द्रवातून प्रकाश किती वाकतो हे मोजायचं यंत्र. रीडिंग मिळालं, पण प्रिझम काही सुटेनात. यंत्र महागडं, त्यामुळे जॉयनर चांगलाच घाबरला. (आपल्यापैकी कोणी पहिल्या नोकरीत चुकून लाइव्ह डेटाबेसवर कमांड मारली असेल, त्याला हा चेहरा कसा दिसत असेल ते सांगायला नको.)

कूव्हर मात्र रागावला नाही. त्याच्या डोक्यात १९४२ सालची कटकट आणि हे चिकटलेले प्रिझम एकत्र आले. लॅबमध्ये हाताला येईल ते चिकटवून बघण्याचा सपाटा सुरू झाला. उष्णता नाही, दाब नाही, नुसता थेंब. १९५४ साली पेटंटचा अर्ज गेला, १९५६ साली ते मिळालं आणि १९५८ साली 'ईस्टमन ९१०' या नावाने ते बाजारात आलं. पुढच्याच वर्षी कूव्हरने एका टीव्ही कार्यक्रमात एका थेंबाने जोडलेल्या धातूच्या तुकड्यांना धरून गॅरी मूर या सूत्रसंचालकाला जमिनीवरून वर उचललं. जाहिरात अशी असावी!

आणि सैनिकांच्या जखमा? ती गोष्ट खरी आहे, फक्त युद्ध वेगळं आहे आणि क्रम वेगळा आहे. व्हिएतनाम युद्धात, १९६०च्या दशकात, शस्त्रक्रियेपर्यंत पोचेस्तोवर रक्तस्राव थांबावा म्हणून सायनोॲक्रिलेटचा फवारा जखमेवर मारला गेला. गोंद आधी, औषध नंतर. पण अमेरिकेच्या एफडीएने जखमा बंद करायला त्याला परवानगी दिली ती थेट १९९८ साली, आणि तीही वेगळ्या जातीच्या रेणूला. घरातल्या ट्यूबमध्ये जो एथिल प्रकार असतो त्याची साखळी छोटी. शरीरात तो लवकर तुटतो, तुटताना फॉर्मल्डिहाइड सोडतो आणि घट्ट होताना चटका देतो. दवाखान्यात वापरतात तो लांब साखळीचा ऑक्टिल प्रकार. तेव्हा 'सैनिकांना चालतं तर आपल्याला काय धाड भरली' म्हणून कापलेल्या बोटावर पाच रुपयांची ट्यूब पिळू नका.

कूव्हरला नोव्हेंबर २०१० मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांच्या हस्ते पदक मिळालं. मार्च २०११ मध्ये, वयाच्या ९४व्या वर्षी, तो गेला. साडेचारशेच्या वर पेटंटं नावावर असलेला माणूस, पण जगाला आठवतो तो दोनदा नापास झालेल्या एका पदार्थामुळे.

असो. आता सोड्याकडे वळू.

ट्यूबमधला द्रव म्हणजे सुटे सुटे रेणू. या रेणूच्या एका टोकाला असे दोन गट असतात की ते इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढत बसतात, त्यामुळे दुसरं टोक कायम कोणाचा तरी हात धरायला उतावीळ. आपण लहानपणी झुकझुकगाडी खेळायचो तसं समजा. पहिल्याने हात धरला की त्याचा दुसरा हात मोकळा होतो, तो पुढच्याला पकडतो, आणि बघता बघता लाखभर डब्यांची गाडी तयार होते. ही गाडी म्हणजे घट्ट झालेला गोंद. फक्त पहिला हात कोणीतरी धरावा लागतो. तो धरायला आम्लाच्या उलट्या गुणाचं, म्हणजे आम्लारी, काहीही चालतं. हवेतली नि वस्तूवरची किंचित ओलसुद्धा पुरते. ट्यूबमध्येच गाडी सुटू नये म्हणून बनवणारे त्यात मुद्दाम थोडं आम्ल घालून ठेवतात.

बोटं एवढ्या चटकन का चिकटतात याचं उत्तरही हेच : आपण घामट प्राणी. जपानच्या पोलिसांनी १९७०च्या दशकाच्या शेवटी याचा भारी उपयोग शोधला. बंद पेटीत या गोंदाची वाफ सोडली की बोटांच्या ठशांमधल्या ओलाव्यावर आणि क्षारांवर ती जाऊन घट्ट होते आणि न दिसणारा ठसा पांढरा होऊन उमटतो. सीआयडीछाप मालिकांमध्ये दाखवतात ना, तेच.

पण यातच या गोंदाची मर्यादाही आहे. ओल असते ती पृष्ठभागावर. थर कागदाहून पातळ असेल तर दोन्हीकडून गाड्या सुटतात आणि मध्ये भेटतात. थर जाड झाला की मधला भाग तासन् तास ओलाच. 'जास्त लावलं की जास्त चिकटेल' हा हिशोब इथे चुकतो. म्हणूनच जिथे कपचा उडालाय, फट आहे, तिथे नुसता इन्स्टंट ग्लू हरतो.

सोडा इथे कामाला येतो. खायचा सोडा सौम्य आम्लारी. चिमूटभर सोड्यात हजारो कण, आणि प्रत्येक कणाचा पृष्ठभाग म्हणजे गाडी सोडायला उभा असलेला गार्ड. गोंद कणांच्या मधून झिरपतो आणि सगळीकडून एकदम घट्ट होतो. वर हे कण तिथेच अडकून राहतात, काँक्रीटमधल्या खडीसारखे. म्हणजे एकच पावडर दोन कामं करते : पेटवते पण आणि भरते पण. गाड्या जोडताना उष्णता बाहेर पडते, सगळ्या एकदम सुटल्या की ती एकदम पडते. ती चुर्र आणि ती वाफ यामुळेच. (खिडकी उघडी ठेवा, वाकून बघू नका, डोळ्यांवर चष्मा असू द्या. आणि गोंद सांडला तर कापसाने पुसू नका. कापसावर हीच क्रिया इतक्या जोरात होते की चटका बसतो, कधी धूरही निघतो. मी एकदा केलंय, पुन्हा करणार नाही.)

माझा गिटारवाला मित्र सोडा वापरतो तो नटसाठी. तारा जिच्या खाचांतून जातात त्या मानेवरच्या पट्टीला नट म्हणतात. खाच झिजून खोल गेली की तार फ्रेटला घासून झणझण वाजायला लागते. मग खाचेत सोडा, वर एक थेंब, आणि सुई-कानशीने नवीन खाच. काही कारागीर सोड्याऐवजी हाडाची पूड घेतात, कारण नट हाडाचा असेल तर रंग आणि आवाज दोन्ही जवळ जातात. बाल्सा लाकडाची विमानं उडवणारे लोक कोपऱ्यांच्या जोडात सोडा भरतात. प्लास्टिकची मॉडेल्स करणारे मात्र टाल्कम पावडर पसंत करतात. टाल्कम गाडी सोडत नाही, फक्त भरते. त्यामुळे घट्ट व्हायला वेळ लागतो, पण पुट्टीसारखं लावता येतं आणि घासायला मऊ जातं. म्हणजे पावडर बदलली की गोंद बदलला.

इथे आपल्याकडे एक घोटाळा हमखास होतो. खायचा सोडा वेगळा आणि बेकिंग पावडर वेगळी. बेकिंग पावडरमध्ये सोड्याबरोबर आम्ल आणि स्टार्चही असतं. इनोमध्ये सायट्रिक ॲसिड. एका पायाने ॲक्सिलरेटर आणि दुसऱ्याने ब्रेक दाबल्यासारखं ते. आपल्याला हवा निव्वळ सोडा, ढोकळ्याच्या डब्यातला.

हे सगळं कळल्यावर मला वाटलं, काय आयडिया आहे राव, गोंदात पावडर! आणि मग हळूहळू लाज वाटायला लागली. कारण ही आयडिया मी दहा वर्षांचा असल्यापासून मला येत होती. संक्रांतीच्या आधी आम्ही चाळीच्या मागे फुटक्या ट्यूबलाइट आणि बाटल्या कुटून वस्त्रगाळ पूड करायचो, ती सरसात मिसळायची आणि दोऱ्यावर चढवायची. मांजा म्हणजे दुसरं काय? गोंद आणि पावडर! (आता त्या मांजाने कापले गेलेले पक्षी आणि गळे आठवले की नको वाटतं.) आजोबा वह्या बांधायला खळ करायचे, त्यात कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. जुन्या वाड्यांच्या चुन्यात विटांची पूड, म्हणजे सुरखी. तीही नुसती भरत नाही, चुन्याशी क्रिया करते आणि ओलाव्यातही त्याला घट्ट करते. थेट सोड्याची पणजी.

आणखी मागे जा. सहाव्या शतकात उज्जैनच्या परिसरात होऊन गेलेल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत 'वज्रलेप' नावाचं एक अख्खं प्रकरण आहे. मूर्तींना वज्रलेप केल्याच्या बातम्या आपण वाचतो तोच शब्द. देवळं, मूर्ती, भिंती जोडायचे लेप कसे करायचे याच्या त्या रेसिपीज. त्यातल्या दुसऱ्या कृतीत लाख, गुग्गुळ, कवठ, बेलाचा गर यांच्या सोबतीला एक वस्तू आहे : गृहधूम. म्हणजे घरातला धूर, चुलीवरच्या आढ्याला जमलेली काजळी. मला ते वाचून हसूच आलं. दीड हजार वर्षांपूर्वीसुद्धा गोंद पक्का करायला माणूस स्वयंपाकघरातलीच पावडर शोधत होता. आज मोटारीचा टायर काळा असतो तो रबरात काजळी घालतात म्हणून, आणि ती नसेल तर टायर फार लवकर झिजेल.

पण सगळ्यात जास्त मी अडकलो ते दक्षिण आफ्रिकेत. क्वाझुलू-नताल प्रांतात सिबुडू नावाची एक कपार आहे. तिथे सुमारे ७०,००० वर्षांपूर्वीची दगडी हत्यारं सापडली, आणि मुठीला जोडायच्या भागावर झाडाच्या डिंकाचे आणि तांबड्या गेरूचे अंश. बरीच वर्षं लोक म्हणायचे, गेरू म्हणजे रंग, नटण्यासाठी किंवा विधींसाठी. लिन वॅडली या संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी सरळ करून बघायचं ठरवलं. बाभळीच्या जातीचा डिंक घेतला, काठीला दगड जोडले, शेकोटीशी वाळवले आणि वापरून पाहिले. नुसता डिंक ठिसूळ निघायचा, दमट हवेत ओल धरायचा. गेरूची पूड मिसळली की जोड टिकायचा. हे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले.

त्यातली मला आवडलेली गोष्ट वेगळीच. डिंक दर वेळी सारखा नसतो. कधी पातळ, कधी दाट. गेरूही तसाच. आणि शेकोटी जवळ गेली की डिंक उकळून बुडबुडे धरतो, लांब राहिली की वाळत नाही. म्हणजे त्या माणसाला प्रमाण पाठ करून चालत नव्हतं. हातातला डिंक बघून पूड कमी-जास्त करायची, त्याच वेळी विस्तवाकडे लक्ष ठेवायचं आणि दगड सरळ धरायचा. वॅडलींचं म्हणणं असं की हे ज्याला जमतं त्याचं डोकं आपल्यासारखंच चालत असणार. मी तर फक्त ढोकळ्याच्या डब्यातला सोडा दाबला होता आणि प्रमाणाबिमाणाचा विचारही केला नव्हता.

आता परत हँडलकडे. कुकरचं ते काळं हँडल बेकेलाइट जातीचं. लिओ बेकेलँड या मूळच्या बेल्जियन केमिस्टने न्यूयॉर्कजवळच्या योंकर्समध्ये १९०७ साली फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइडपासून ते बनवलं. नुसतं राळेसारखं ते ठिसूळ असतं. त्यात लाकडाचा बारीक भुसा मिसळतात, वजनाने कधीकधी निम्म्यापर्यंत, तेव्हा कुठे त्याचे स्विच, टेलिफोन आणि हँडलं होतात. म्हणजे मी जे जोडत होतो तेही मुळात गोंद आणि पावडरच होतं! फरक एवढाच की बेकेलाइटच्या साखळ्या एकमेकींत आडव्या-उभ्या विणलेल्या असतात, एकदा घट्ट झाल्या की तापवून पुन्हा मऊ होत नाहीत. माझ्या झुकझुकगाड्या मात्र एकमेकींशेजारी नुसत्या उभ्या. साध्या इन्स्टंट ग्लूचा जोड ८० अंशांच्या पुढे कमकुवत होत जातो. कुकरमध्ये शिट्टीच्या वेळी १२० अंशांच्या आसपास तापमान असतं, आणि स्क्रूजवळचा भाग भांड्याला टेकलेला. वर वाफेची ओल, जी या जोडाला हळूहळू आतून खाते. आणि उचलताना जोर येतो तो सरळ ओढण्याचा नाही, उकलण्याचा. सरळ ओढीला हा गोंद वाघ, उकलायला लागलं की शेळी. ओट्याशी उभा राहून मी हाताने ओढून बघितलं होतं ते सरळ, आणि थंड असताना. टेस्ट केस चुकली होती.

त्या रविवारी संध्याकाळी मी तुटलेलं हँडल उजेडात नेऊन नीट पाहिलं. सोड्याचा भराव जसाच्या तसा होता, एक चीर नाही. नखाने टोकरला, काही झालं नाही. तो बेकेलाइटपासून अख्खा सुटून आला होता, दाताच्या कवळीसारखा. मी बनवलेला दगड उत्तम होता, तो चुकीच्या जागी बनवला होता.

नवीन हँडल कोपऱ्यावरच्या भांड्यांच्या दुकानात मिळालं, दोन स्क्रूंसकट. जुनं मी टाकलेलं नाही. गेल्या शनिवारी त्याच ट्यूबने आणि त्याच सोड्याने आईच्या देवघराच्या लाकडी कमानीचा तुटलेला कळस बसवला. तिथे ना शिट्टी, ना वाफ. आईने दोन बोटांनी हलवून पाहिला, मग निरांजन त्याच्यापासून जरा लांब सरकवलं.